एसाबामावशीच्या दारूतलं पाणी

कोकोबेन,
४ मार्च १९९१

अराबाताई,

आधी कबूल करतो, मग शिव्या दे. तुला पत्र लिहायचं मी अकरा आठवडे टाळतोय. पहिले दोन आठवडे कागद नव्हता. कागद आणला त्याच दिवशी शेजारणीने भाजलेले शेंगदाणे दिले, ते बांधायला कागद गेला. मग पेन कुणीतरी नेलं. उरलेल्या आठवड्यांना मात्र काही कारणच नाही, नुसतंच टाळलं. लिहायला बसलो की वाटायचं, ताई विचारणार, सध्या काय करतोस? आणि उत्तर लिहून होईपर्यंत ते बदललेलं असायचं.

आता उत्तर आहे. मी कोकोबेनच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. हसू नकोस. सात आठवडे झाले आणि अजून आहे.

झालं असं, की संत्री भरायला निघालेल्या एका लॉरीवर मी बसलो होतो. का, ते विचारू नकोस, मलाही आठवत नाही. इथल्या चढावर लॉरी बंद पडली. दुरुस्त होईतो शाळेच्या आवारात पाणी प्यायला गेलो, तर पंप बिघडलेला. माझ्या चपलेचं रबर कापून पंपात बसवलं, पाणी आलं. (एक चप्पल गेली. दुसरी जपून ठेवलीय, पंपांचं काही सांगता येत नाही.) हेडमास्तर मिस्टर बेन्त्सिल बघत उभे होते. म्हणाले, "हाताला गुण आहे. रसायनशास्त्र येतं का?"

मी म्हणालो, "आमच्या घरात आहे."

"घरात म्हणजे?"

"मावशीची मुलगी, म्हणजे माझी ताईच. केप कोस्टला मुलींच्या शाळेत शिकवते."

"म्हणजे रक्तात आहे," ते म्हणाले आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. दोन वर्षं ती कुणाच्याच हातात नव्हती.

ताई, इथली मुलं मला 'सर' म्हणतात. मी लॉऱ्या रंगवल्या, पाव भाजले, मामाच्या होडीत जाळी ओढली, फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या, मला आजवर कुणी 'ए' शिवाय हाक मारलेली नाही. मला इथं राहायचंय. हे वाक्य कुठेतरी तारखेसकट लिहून ठेव, कारण माझ्या तोंडून असलं कुणी ऐकलेलं नाही.

आता काम. सतरा एप्रिलला तपासनीस येणार. प्रयोगशाळा पास झाली तर आमची अकरा मुलं प्रात्यक्षिक परीक्षा इथेच देतील. नापास झाली तर त्यांना बावीस मैलांवरच्या शाळेत जावं लागेल. गेल्या वर्षी लॉरी चिखलात रुतली आणि चौघांची परीक्षा बुडाली. आणि प्रयोगशाळाच नसली तर सहायक कशाला, असं हेडमास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तीन प्रयोग दाखवायचे आहेत. दोन बसलेत. तिसरा असा: ब्रोमोप्रोपेन घ्यायचं, अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पोटॅश घालायचं, तापवायचं, निघेल तो वायू ब्रोमीनच्या तपकिरी पाण्यातून सोडायचा, की रंग उडतो. मी घेतलं, घातलं, तापवलं, सोडलं. रंग जागचा हलत नाही. मामा जेवायला बसल्यासारखा बसून आहे. सहा वेळा केलं. मी सगळं पुस्तकाप्रमाणेच केलं, जवळजवळ.

का होत नाही, ते लवकर कळव. 'घाई कसली' असं पुढे लिहिलेली लॉरी दर सोमवारी तुमच्या बाजारात येते, तिच्या ड्रायव्हरकडे पत्र दे.

तुझा,
फिफी


केप कोस्ट,
११ मार्च

फिफी,

तू जिवंत आहेस हे लॉरीच्या ड्रायव्हरकडून कळावं, याबद्दल तुला नंतर बघते. तुझ्या आईला सांगितलं. तिने ऐकलं 'सहायक' आणि गल्लीत सांगितलं 'प्रोफेसर'. मामाला मात्र काहीच पटलेलं नाही. तो म्हणतो, "पावसाच्या आत तो परत येतो. होडीत जागा ठेवलीय." तेव्हा नीट ऐक.

ट्रोट्रो गाडीतलं तीन माणसांचं बाक डोळ्यांसमोर आण. बाकावर तीन कार्बन बसलेत. मधल्याने ब्रोमीन नावाच्या जाड्या उतारूचा हात धरलाय. आता गाडीत पोटॅशचा हायड्रॉक्साइड चढतो. हा भांडखोर. पण पाण्यातून आला असेल तर पाण्याच्या बायकांचा गराडा असतो त्याच्याभोवती, "असू दे, असू दे" करत. त्यामुळे तो थंड डोक्याने मागच्या बाजूने येतो, मधल्याचा हात धरतो, आणि जाड्या पुढच्या बाजूने उतरतो. एक गेला, एक बसला. बाक भरलेलंच. याला म्हणायचं प्रतियोजन. यातून वायू निघत नाही, तुझं तपकिरी पाणी तपकिरीच राहतं.

पण तोच अल्कोहोलमधून आला, की गराडा नाही, समजूत घालणारं कुणी नाही. वर तू खालून जाळ लावलेला. तो मधल्यापर्यंत जायचीही तसदी घेत नाही. कडेला बसलेल्या कार्बनच्या हातातलं हायड्रोजनचं गाठोडंच हिसकावतो. कडेच्याचा हात मोकळा झाला, तो घाबरून मधल्याला दोन्ही हातांनी धरतो, मधल्याला जाड्याला धरायला हात उरत नाही, जाड्या खाली. त्याच्या जागी कुणीही बसत नाही. हे विलोपन. अशी दोन हातांनी धरलेली जोडी हलकी, ती वायू होऊन उडते आणि ब्रोमीनचा रंग खाऊन टाकते.

दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू असतात, कायम स्पर्धा. कोण जिंकणार ते तू कशात घालतोस आणि किती तापवतोस त्यावर.

तेव्हा खरं सांग, आळस करून पोटॅश नळाच्या पाण्यात विरघळवलंस ना? पाणी होतं की अल्कोहोल? आणि 'जवळजवळ' म्हणजे काय? मी बारा वर्षं मुलींच्या वह्या तपासतेय. 'जवळजवळ' लिहिलेलं दिसलं की मी लाल शाईचं पेन काढते.

अराबाताई


कोकोबेन,
२० मार्च

ताई,

पाणी नव्हतं. आईची शपथ. अल्कोहोलच होतं. फक्त कपाटातलं नव्हतं.

ऐक. मी राहतो ते घर नाना क्वेजिर यांचं. कुटुंबातले सगळ्यात वडील, गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या नातीला मुलगा झाला. आठव्या दिवशी पहाटे नाव ठेवायचं. सगळे अंगणात जमले, आत्या, माम्या, पांढरे कपडे. पाण्याची वाटी आली, दारूची वाटी रिकामीच. गावात अक्पेतेशी गाळते ती एकटी एसाबामावशी, आणि ती दोन दिवसांपूर्वी भावकीतल्या मयताला गेलेली, गाळायच्या झोपडीला कुलूप. सूर्य तर वर यायला लागलेला. विधी काही थांबत नाही. मग एका आत्याने अंगणभर ऐकू जाईल असं विचारलं, "शाळेच्या कपाटात एक बाटली आहे म्हणे?"

ताई, चाळीस माणसं एका पायात चप्पल नसलेल्या माणसाकडे बघतात तेव्हा काय वाटतं, तुला नाही कळायचं.

मी बाटली आणली. बाळासाठी वाटीत निम्म्याहून जास्त पाणी घातलं, आधी स्वतः चाखून पाहिलं, मी काही वेडा नाही. नानांनी बोट पाण्यात बुडवून बाळाच्या जिभेला लावलं, "पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे." बाळाने मिटक्या मारल्या. मग दुसऱ्या वाटीत बोट, "दारू म्हणशील तेव्हा ती दारूच असू दे." बाळाने असं तोंड केलं, की अंगणातले सगळे खूश. म्हणाले, हा मुलगा खोटं बोलणार नाही.

इथवर तीन थेंब गेले होते. पण मग नानांनी बाटली घेतली आणि पूर्वजांना द्यायला सुरुवात केली. एकेकाचं नाव घ्यायचं, जमिनीवर धार सोडायची. ताई, ते कुटुंब जुनं आहे. पूर्वज संपायच्या आधी बाटली संपली.

मी काय करणार? तिसऱ्या दिवशी एसाबामावशी परत आली, तिच्याकडून एक बाटली अक्पेतेशी आणली आणि कपाटात ठेवली. तिची दारू म्हणजे वाळलेल्या उसाला काडी लावल्यासारखी. पाण्याचा थेंब नाही, असं ती स्वतः सांगते, छातीवर हात ठेवून. सगळं गाव सांगतं. आणि दारू ती दारू, अल्कोहोल ते अल्कोहोल, नाही का?

मग रंग का जात नाही?

फिफी

ता. क. – प्रोफेसर म्हणणं आईला बंद करायला सांगू नकोस. थोडे दिवस राहू दे.


केप कोस्ट,
२७ मार्च

गाढवा,

पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि चहा नाकातून आला. इतिहासाच्या बाईंनी पाठ चोळली.

अक्पेतेशीत निम्म्याहून जास्त पाणी असतं! छातीवर हात ठेवून कुणी सांगितलं म्हणून ते कमी होत नाही. जिभेला जाळ वाटला म्हणजे अल्कोहोल शुद्ध असतं का? मिरचीही जाळते, म्हणून तू पोटॅश मिरचीत विरघळवतोस का?

म्हणजे तुझ्या चंबूत भांडखोर हायड्रॉक्साइड एका हाताने दारूच्या आणि दुसऱ्या हाताने पाण्याच्या ताब्यात. पाण्याच्या बायका निम्म्याहून जास्त, म्हणजे त्यांचंच चालणार. सगळे शहाण्यासारखे मागच्या बाजूने चढतायत, एक उतरला एक बसला. उडालाच असेल थोडा वायू तर तो तुझ्या सैल बुचातून गेला. बुचं घट्ट कर.

मी आमचं अल्कोहोल पाठवलं असतं, पण ते एका कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली प्रसूतीच्या रजेवर आहे.

तर तूच कर. ती दारू पुन्हा गाळून घे, सावकाश, पहिली धार घे, मागचा पाणचट भाग टाकून दे. मग या पत्राबरोबरच्या डब्यात चुनकळी आहे, समुद्रावरच्या शिंपल्यांची, ती त्यात घालून एक दिवस झाकून ठेव. चुनकळी पाणी पकडून बसते, सोडत नाही. मग आणखी एकदा गाळ. जाळ उघडा ठेवू नकोस, गरम पाण्यात भांडं ठेवून तापव, आणि जवळपास ओढणारं कुणी नको. तू ओढत असशील तर तूही नको.

आणि एक सांगू? ब्रोमीनपेक्षाही सहज सुटणारा एक असतो, आयोडीन. जरा धक्का लागला की हात सोडून चालू लागतो. मी वर्गात आयोडीन शिकवते तेव्हा दर वर्षी मला तू आठवतोस. यंदा बघू.

ताई


कोकोबेन,
१० एप्रिल

ताई,

वायू आला!!! रंग गेला! पण आधी बाकीचं सांगतो, कारण बाकीचं वाईट आहे.

तुझं पत्र घेऊन एसाबामावशीकडे गेलो. म्हटलं, "मावशी, शाळेसाठी पाच बाटल्या हव्यात, आणि जरा गाळून पाणी काढायचंय."

तिने ढवळणं थांबवलं. "कशातलं पाणी?"

"दारूतलं."

"माझ्या दारूतलं?"

ताई, ती बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. कंबरेला फडकं आवळून ती तशीच शाळेत गेली, मी मागे, माझ्या मागे अर्धा बाजार. हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "तुमचा हा एकचपल्या मास्तर माझ्या भट्टीला बदनाम करतोय. उद्या सगळ्यांसमोर गाळून दाखवते. पाच ओतीन, पाच निघतील."

हेडमास्तरांनी वेळापत्रकात लिहिलं, 'प्रात्यक्षिक'.

दुसऱ्या दिवशी तिने तिचा पत्र्याचा पिंप आणि तांब्याची नळी आमच्या आवारात मांडली. अकरा मुलं, गुरुजी, बाजार, नाना क्वेजिर स्वतःचं स्टूल घेऊन. केन्कीचे मक्याचे गोळे आणि तळलेली मासळी विकणाऱ्या बायकांनी दुकानंच इकडे हलवली. पहिलं गाळणं, मग तुझी चुनकळी, मग एक दिवस सगळे तिथेच, कारण कुणी कुणावर विश्वास ठेवायला तयार नाही, मग दुसरं गाळणं. पाच बाटल्या ओतल्या होत्या. निघाल्या दोन.

दोन, ताई.  एसाबामावशी पिंपात वाकून बाकीच्या तीन शोधत होती.

शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या आईच्याही दारूत एवढंच असायचं," आणि तिचा पिंप घेऊन गेली. मला वाईट वाटलं. तिने फसवलं नव्हतं, तिला माहीतच नव्हतं.

एक बाटली हेडमास्तरांनी 'नमुना' म्हणून उचलली, ती पुन्हा दिसली नाही. दुसरी मी घेतली. थोडी वापरून प्रयोग केला, बुचं मेणाने बंद केली, आणि तपकिरी पाणी आधी चहासारखं, मग लिंबाच्या सरबतासारखं, मग काहीच नसल्यासारखं झालं. मुलं बाकांवर चढून ओरडत होती. मी पण चढलो होतो.

आता वाईट. नाना क्वेजिर त्या दिवशी स्टुलावर बसून निघालेल्या बाटल्या मोजत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. चार वडीलधारे बसलेले, कुणी हसत नाही.

नाना म्हणाले, "मुला, पाचात तीन पाणी?"

"हो, नाना."

"म्हणजे मी चाळीस वर्षं आमच्या मोठ्या माणसांना पाणी पाजतोय."

मी म्हणालो, थोडी दारू होतीच की. दुसरे एक म्हातारे म्हणाले, "तरीच माझ्या कोकोला कीड लागते." तिसरे म्हणाले, त्यांचा गुडघा. सगळ्यांचं काही ना काही निघालं. आता ते म्हणतायत, ती खरी बाटली पूर्वजांची आहे, चाळीस वर्षांची भरपाई, आणि मी ती आणून द्यावी. मी म्हटलं, सतरा तारखेनंतर देतो. नाना म्हणाले, "ते चाळीस वर्षं थांबले. तुझा तपासनीस एक आठवडा थांबू शकत नाही?"

बाटली माझ्या उशाखाली आहे. पुन्हा गाळायचं तर चुनकळी संपली आणि एसाबामावशी माझ्याशी बोलत नाही. द्यावी तर प्रयोग गेला, शाळा गेली, मी गेलो. न द्यावी तर मी नानांच्याच घरात राहतो.

काय करू?

फिफी


केप कोस्ट,
१३ एप्रिल

फिफी,

आज दुसरीच लॉरी मिळालीय, लगेच निघतेय, म्हणून चार ओळी. एक थेंबही देऊ नकोस. विष आहे म्हणून सांग. पलंगाखाली पूर. वडीलधाऱ्यांना सरळ नाही म्हणायला शीक, तुला आता पंचविसावं लागलंय.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मी हा प्रयोग बारा वर्षांत एकदाही करून दाखवलेला नाही. फळ्यावर काढते. फळ्यावर तो कधी बिघडत नाही. तू रंग गेल्याचं लिहिलंस ते वाचून मी शाळेच्या मागे जाऊन थोडी रडले, मग स्वतःलाच हसले. म्हणजे आता या घरात हा प्रयोग तुला येतो, मला नाही.

नाही म्हण.

ताई


कोकोबेन,
३ जून

ताई,

तुझी तीन पत्रं येऊन पडलीत, एकालाही उत्तर दिलं नाही. सवय जात नाही. सगळं एकदम सांगतो.

मी नाही म्हणालो नाही. नानांना नाही म्हणणं तुला केप कोस्टहून सोपं वाटतं. मी म्हणालो, "नाना, तुम्हीच या सतरा तारखेला. बाटली तुमच्यासमोरच उघडू. पूर्वजांचं आधी, मग मुलांचं." नानांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "आणि ते पुरेल?" मी म्हणालो, "तुम्ही हात आवरलात तर."

सतराला तपासनीस आले, मिस्टर एसिल्फी. बारीक माणूस, खिशात तीन रुमाल. प्रयोगशाळेत शिरले तर पहिल्या बाकावर अकरा मुलांऐवजी चार म्हातारे, आपापल्या स्टुलांवर, खांद्यावर कापडं टाकून.

"हे कोण?"

हेडमास्तर म्हणाले, "स्थानिक सहकार्य, साहेब."

मी बाटली उघडली. नाना उठले आणि सिमेंटच्या फरशीवर धार सोडायला लागले. एक नाव, एक धार. साहेबांनी टोपी काढली, काय करणार. मी पातळी बघत होतो. तीन बोटं. दोन बोटं. मी कुजबुजलो, "नाना, बास ना आता."

"अजून आईकडचे राहिलेत."

"मग आत्तापर्यंत कोणाकडचे होते?"

"पाहुणे," नाना म्हणाले.

शेवटी तळाला अंगठ्याएवढं राहिलं. मोठ्या चंबूचा प्रयोग गेला; तेवढ्यातच पोटॅश विरघळवलं. मी चार बारक्या परीक्षानळ्या काढल्या, दोहोंत तपकिरी पाणी भरलं, तिसरीत पोटॅश ओतलं, ब्रोमोप्रोपेन घातलं, गरम पाण्यात धरली आणि तिचा वायू तपकिरी पाण्यात सोडला.  बुडबुडे नाहीत. रंग तसाच. साहेबांनी घड्याळ बघितलं.

तेव्हा माझं लक्ष टेबलाकडे गेलं. मी उचललेलं पोटॅश दुसऱ्या प्रयोगासाठी पाण्यात केलेलं होतं. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, चिठ्ठी मागच्या बाजूला फिरलेली.

साहेब म्हणाले, "मिस्टर अनामन, रंग जात नाहीये."

मागचं दार उघडं होतं. माझ्या डोळ्यांना ते नेहमी आधी दिसतं, तुला माहीत आहे. पलीकडे रस्ता, रस्त्यावर एक लॉरी उभी, कुठे जाणारी ते ठाऊक नाही. अशा वेळी माझे पाय मला विचारत नाहीत.

मी म्हणालो, "जाणारही नाही, साहेब. ही पाण्याची नळी आहे. हिच्यात एक उतरतो आणि दुसरा त्याच्या जागी बसतो. वायू होत नाही. आता ही दारूची बघा." आणि उरलेल्या अंगठाभर दारूतलं पोटॅश चौथ्या नळीत ओतलं. तेवढंच ब्रोमोप्रोपेन. तेच गरम पाणी. तपकिरी पाण्याच्या दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरल्या. डावीकडची तपकिरी, तशीच बसून. उजवीकडे बुडबुडे, मग चहा, मग सरबत, मग काही नाही.

मागच्या भिंतीशी उभी असलेली अकरा मुलं ओरडली नाहीत, कारण हेडमास्तरांनी धमकी दिली होती. पण नाना ओरडले.

साहेबांनी दोन्ही नळ्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. म्हणाले, "मी या वर्षी नऊ शाळा पाहिल्या. सगळ्यांनी मला रंग गेलेली नळी दाखवली. न गेलेली कुणी दाखवली नाही. आधी पाण्याची दाखवायची कल्पना तुमची?"

मला हो म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "नाही साहेब. बाटली चुकली. पण चुकलीय हे मला तुमच्याआधी कळलं."

साहेबांनी नळ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "ते कसं?"

"ही चूक मी सहा वेळा केलीय. चेहऱ्याने ओळखतो."

त्यांनी तिसरा रुमाल काढला, तोंड पुसलं, मला वाटतं हसू पुसलं, आणि वहीत लिहिलं.

पास, ताई. अकरा मुलांनी प्रात्यक्षिक इथेच दिलं, आपल्याच बाकांवर. कुणी चिखलात नाही. नानांची मोठी माणसं खूश असावीत, निदान त्या तिसऱ्या म्हाताऱ्यांचा गुडघा बरा आहे. एसाबामावशी आता बोलते. आता ती दोन प्रकारची गाळते, जुनी आणि 'शाळेची', आणि शाळेची फक्त कुणी मेलं किंवा जन्मलं तरच देते.

आता तुला लिहायचं का टाळलं ते. पास झाल्यामुळे प्रयोगशाळा सरकारी कागदावर आली आणि त्या कागदावर एक ओळ छापून आली: 'सहायक, एक, प्रमाणपत्रधारक.' तोपर्यंत ही जागाच नव्हती, म्हणून मी तिच्यावर बसलो होतो. ती झाली आणि मी तिच्यासाठी कमी पडलो. हेडमास्तरांनी तीन पत्रं लिहिली, अनामनलाच राहू द्या म्हणून. उत्तर नाही. तेव्हापासून मी रोज तोच हिशोब करतो, माझ्या जागी कुणाला बसवतील, की जागाच काढून टाकतील, की विसरून जातील? तूच म्हणालीस, स्पर्धा कायम चालू असते, आजूबाजूला काय आहे त्यावर निकाल. माझ्या आजूबाजूला सध्या अकरा मुलं, चार म्हातारे आणि एक दारू गाळणारी बाई आहे. पुस्तकात याचं काही दिलेलं नाही.

मामाला सांग, पाऊस सुरू झाला आणि मी आलेलो

थांब, लॉरीचा आवाज आला. बाहेर मुलं ओरडतायत.

कुणीतरी बाई आहे. पन्नाशीची, भक्कम, अंगावर आत्तापासूनच पांढरा कोट, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, एका बगलेत कोंबडी आणि दुसऱ्या हातात काचेच्या चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र. हेडमास्तर तिच्या मागे धावतायत, एक कागद फडकवत, आणि हेडमास्तरांच्या मागे एसाबामावशी, का कोण जाणे, कंबरेला फडकं आवळून. बाई सरळ आत आली, ट्रंक खाली ठेवली, कोंबडी टेबलावर. प्रयोगशाळेत स्टूल एकच आहे. त्याच्याकडे बोट दाखवून मला विचारतेय, हे रिकामं आहे का?

मी त्याच्यावर बसून लिहितोय, ताई. मागचं दार उघडंच आहे आणि मी अजून उठलेलो नाही.